माश्या पांघरून आलेला लखमा

किती वर्षं झाली ते कुणी मोजलेलं नाही, पण कोंढरवाडीच्या वरच्या कड्याला तेव्हाही आग्या माश्यांची मोहोळं लागायची आणि लखमा दोराला लोंबकळून ती उतरवायचा. एवढ्या उंचावर जायची छाती वाडीत दुसऱ्या कुणाची नव्हती. लखमाला त्याचा गर्व होता. असणारच, तुम्हाआम्हालाही असता.

त्याची एकुलती लेक गवरा. तिचं लग्न ठरलं, तेव्हा वऱ्हाडातल्या प्रत्येकाच्या ताटात मध पडलाच पाहिजे, असं लखमाच्या मनानं घेतलं. त्यानं धूर केला, माश्या उठवल्या आणि कड्यावरची सगळी मोहोळं मुळापासून कापून आणली. मधाचा भाग तर आणलाच, पण माश्यांची पिल्लं असतात तो भागही सोडला नाही. पाहुणे बोटं चाटत उठले. लखमाचा ऊर भरून आला.

पुढच्या पावसाळ्यात वाडीतले वेल फुलांनी लगडले, पण एकाही फुलाला फळ धरेना. ना दुधी, ना भोपळा, ना काकडी. कड्यावर एक माशी दिसत नव्हती. गवरा बाळंतपणाला माहेरी आली, तर चुलीवर चढवायला घरात भाजी नव्हती. वाडीतल्या म्हाताऱ्या सगुणाआजीनं लखमाला गाठलं.

"लेकराबाळांसकट घर कापून आणलंस त्यांचं," ती म्हणाली. "त्या कशाला ऱ्हातील हितं?"

लखमाला जेवण गोड लागेना. एके सकाळी तो डोंगरांमागच्या डोंगरांत निघून गेला. तिथं एका झाडाखाली बसून त्यानं माश्यांची मनापासून माफी मागितली, असं म्हणतात. मग एक माशी त्याच्या खांद्यावर उतरली, मागोमाग दुसरी, आणि बघता बघता सगळा थवा त्याच्या अंगावर घोंगडीसारखा बसला. लखमा उठला आणि वाडीकडे चालू लागला. इतका हळू, की वाटेतलं धुकंसुद्धा त्याच्या पुढं निघून गेलं, असं म्हणतात.

वाडीजवळ आला तेव्हा गवरा अंगणात उभी होती, कुशीत चार दिवसांचं बाळ. तिनं बापाला चालीवरून ओळखलं.

"आबा," ती म्हणाली, "नातू झाला तुमाला."

लखमाच्या ओठांवर माश्या बसल्या होत्या. तोंड उघडलं असतं तर सगळा थवा उठून गेला असता. तो लेकीकडे बघत राहिला, त्याचे डोळे भरून आले, आणि तसाच तो कडा चढून गेला. माश्या कड्यावर राहिल्या. लखमाही राहिला, असं म्हणतात. त्या वर्षी भोपळ्यांच्या भारानं मांडव वाकले.

कोंढरवाडीत आजही मोहोळ उतरवणारा फक्त मधाचा भाग कापतो, पिल्लांना हात लावत नाही. आणि बाळंत झालेली माहेरवाशीण बाळाला घेऊन कड्याखाली जाते, वर बघून हलक्या आवाजात सांगते, "आबा, नातू झाला." नाहीतर, "नात झाली." मग थोडा वेळ वरची गुणगुण ऐकते आणि घरी येते. उत्तराची वाट कुणी बघत नाही.