जड केलेला घण

“एवढा जड घण करून दिला, तरी लोखंड जागचं हलत नाही. अंगचोर आहेस तू,” हिरामण म्हणाला.

“मग तुम्हीच घाला,” जमना म्हणाली.

एका गावाच्या वेशीबाहेर पाल ठोकून राहिलेल्या फिरस्त्या लोहार नवराबायकोचं हे भांडण. त्यांच्यात रीत अशी, की नवरा सांडशीने तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो, फिरवतो, आणि बायको घण घालते. घण घालायचा म्हणजे डोक्यावर न्यायचा आणि सोडायचा. दिवसभर. दुसरीही एक रीत होती. आधी पुरुषाने जेवायचं, उरेल ते बाईने. ही काही लोहारांचीच रीत नव्हे, आपापल्या घरात बघा.

त्या साली जमनेला उरत होती अर्धी भाकरी. घाव हलके पडू लागले. हिरामणने हिशेब केला, घाव हलका पडतो म्हणजे घणच हलका असणार. त्याने आणखी लोखंड जोडून घण जवळजवळ दुप्पट जड केला. चूक इथेच झाली. जड घण जमनेला डोक्यापर्यंत नेता येईना. तो कमरेच्या जरा वर जाई आणि तिथूनच खाली येई. घाव आणखी हलका.

समोर सटवाजी नावाचा शेतकरी बसला होता. त्याच्या नांगराचा फाळ पुन्हा पुन्हा तापवावा लागत होता. कोळसा जळायचा, त्याची धग लोखंडात जायची, फाळ लाल व्हायचा. पण पुरेसा घाव बसायच्या आत ती धग ऐरणीत आणि वाऱ्यात निघून जायची.

“हा कोळसा संपला की मी उठतो,” सटवाजी म्हणाला. “लोहार काय तुम्हीच आहात?”

एक गिऱ्हाईक असं उठून गेलं, की गावभर बोललं जातं. मग पाल उचलावंच लागतं. हे दोघांनाही ठाऊक होतं.

हिरामणने सांडशी सटवाजीच्या हातात कोंबली, घण डोक्यावर नेला आणि घातला. फाळ खोल चेपला. पण सटवाजीला कुठला धरता येतोय? चेपला तो वाकडाच.

“वाकडा होऊ दे. पण चेपला का नाही?” हिरामण म्हणाला. “जोर घणात आहे. खोट तुझ्यात आहे.”

जमनेने आवाज चढवला नाही. तिने तोच घण घेतला आणि तापलेल्या लोखंडावर अलगद टेकवला. उचलून बघितलं, तर खाली खूणसुद्धा नाही.

“जोर घणात होता ना? आता कुठे गेला?”

“टेकवल्यावर कसला जोर? उंचावरून यायला नको?”

“आणि उंचावर त्याला कोण नेतं?”



मुलांनो, तुम्ही पुस्तकातून ऊर्जेचा साठा पाठ करता, तो हा. उचललेल्या घणात साठा असतो. खाली येताना तो वेगात उतरतो, वेगातून लोखंडात जातो, थोडा आवाजात जातो. घणाचा स्वतःचा त्यात कणभरही नसतो. उचलणाऱ्याने भरलं तेवढंच त्याच्याकडे. नुसतं पाठ करू नका, समजून घ्या.

सटवाजी वाकडा फाळ घेऊन निघून गेला. ते गाव सुटलं ते कायमचं. पुढच्या गावी पाल पडलं तेव्हा हिरामणने घणाला जोडलेलं लोखंड तोडून काढलं, आणि भाकरीची दुरडी आधी जमनेपुढे सरकवली. तेव्हापासून तीच रीत झाली.

पण भांडण मिटलं होतं ते सटवाजी गेला त्याच दुपारी, निवत चाललेल्या भट्टीपाशी. दुरडीवरचं फडकं काढून जमनेने आतली अर्धी भाकरी नवऱ्याला दाखवली आणि म्हणाली, “तुम्ही तीन भाकरींवर घण उचललात, मी रोज एवढ्यावर उचलते, जे माझ्या पोटात गेलंच नाही, ते घणात कुठून येणार आणि लोखंडात कुठून जाणार?”

तात्पर्य: ऊर्जा शून्यातून येत नाही, एकाच्या साठ्यातून दुसऱ्याच्या साठ्यात जाते, म्हणून ज्याच्याकडून काम घ्यायचं, त्याचा साठा रिकामा ठेवून वर त्यालाच आळशी म्हणू नये.