बंद दारामागचं बोलावणं

फार फार वर्षांपूर्वी, खाडीकाठच्या एका गावात एक यहुदी तेली राहत होता. शनिवारी तो घाणा बंद ठेवी आणि वर्षातून एकदा वल्हांडणाचा सण पाळी. मिसर देशाच्या राजाने पूर्वजांना गुलाम केलं होतं आणि ते तिथून कसे सुटले, ही गोष्ट त्या संध्याकाळी जेवणाआधी सांगायची असे. निघताना इतकी घाई झाली की पीठ आंबायलाही सवड मिळाली नाही. म्हणून त्या दिवसांत घरात आंबवलेलं काही ठेवायचं नाही, असा नियम.

सण करायची ती तेलीण. भाकरी तिची, पुस्तकातून वाचायची गोष्टही तिची. तेल्याने फक्त मान डोलवायची आणि "आमेन" म्हणायचं. गावातला कुंभार, माडीवाला आणि कोळीण हे तिघे दरवर्षीचे पाहुणे.

त्या वर्षी तेलीण हयात नव्हती.

तेल्याने मनाशी ठरवलं, तिच्या सणात तसूभर चूक होऊ द्यायची नाही. सात दिवस तो घर घासत होता. पीठ आंबवायचं मडकं त्याने तोंड बांधून गोठ्यात ठेवलं. पाटांच्या फटी सुईने कोरल्या. पिठाच्या डब्याशी बसतं म्हणून मांजरालाही अंघोळ घातली. मांजर त्यानंतर घरी आलं नाही.

संध्याकाळी पाहुणे आले. एरवी रिकाम्या हातांनी येणारे तिघेही यंदा टोपल्या घेऊन आले होते.

"बायकोने आंबोळ्या दिल्यात," कुंभार म्हणाला. "म्हणाली, वहिनी नाहीत, भावोजी काय रांधणार?"

"आणि हे माडी घालून फुगवलेले वडे," माडीवाला म्हणाला. "तुमची ती भाकरी दरवर्षी सपाट होते. कोणी बोलत नाही, पण वाईट वाटतं हो."

कोळणीच्या टोपलीतल्या गाडग्यात कांजी होती, तीही तीन दिवस आंबलेली.

तेली उंबरठ्यावर आडवा उभा राहिला. "अरे, सात दिवस घासलंय मी! न्या ते सगळं. तुम्हीही जा!"

त्याने दार लावलं, कडी घातली. आता घर अगदी स्वच्छ होतं. त्याने मनुकांचं सरबत ओतलं, सपाट भाकरी उचलली आणि ठरलेले शब्द म्हटले, "जो भुकेला असेल, त्याने आत यावं आणि आमच्याबरोबर जेवावं."

"आम्ही भुकेलेच आहोत!" ओट्यावरून आवाज आला.

"हे पुस्तकातलं आहे!" तेली ओरडला.

"मग ते खोटं आहे का?" कोळीण म्हणाली.

तेल्याने ऐकलं नाही असं दाखवलं. पुढे घरातल्या सगळ्यात लहानाने विचारायचं असतं, आजची रात्र वेगळी का? घरात सगळ्यात लहान तोच होता, सगळ्यात मोठाही तोच. त्याने स्वतःलाच प्रश्न विचारला, मग पाटाच्या दुसऱ्या टोकाला सरकून उत्तर दिलं.

मग राजावर आलेली दहा संकटं. "पहिलं, नदीचं रक्त झालं," तेली म्हणाला. "दुसरं..."

दुसरं आठवेना. वीस वर्षं त्याने नुसती मान डोलवली होती. पुस्तकातली अक्षरं तेलीण वाचायची. त्याला येत होता तो फक्त शेवटचा आमेन. त्याने घरभर पाहिलं. घासलेली भांडी चकाकत होती, पण त्यांतलं एकही बोलेना.

"बेडूक!" खिडकीबाहेरून कुंभार म्हणाला.

"मग उवा," कोळीण म्हणाली. "वहिनी इथे डोकं खाजवून दाखवायच्या. मग मलाही खाज सुटायची."

"आणि टोळांच्या वेळी माझ्या पाठीवर बोटं नाचवायच्या," माडीवाला म्हणाला. "विसरलात होय, तेलीदादा?"

तेली पाटावरून उठला. मग त्याने कडी काढली.

"टोपल्या ओट्यावरच राहू द्या," तो म्हणाला. "हात धुवा. आणि बेडकांपासून पुन्हा सुरू करा."

तिघांनी मिळून दहाही संकटं सांगितली. तेल्याने मान डोलवली. सपाट भाकरी सगळ्यांनी खाल्ली आणि कोणीच खोटी स्तुती केली नाही. बाहेर गावातल्या कुत्र्यांनी आंबोळ्या आणि वडे फस्त केले. दार उघडं दिसलं तसं मांजरही परत आलं.

घर घासून स्वच्छ होतं, पण गेलेल्या माणसाची आठवण दार उघडल्यावरच घरात येते.