देवमाशिणीचा वाटा

वाळूत मांडलेले हे माशांचे ढीग बघताय ना, त्यांना आमच्याकडे वाटे म्हणतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाली की मासळी अशी सारख्या ढिगांत मांडायची आणि ज्याने ज्याने दोराला हात लावला त्याने एकेक वाटा उचलायचा. ही रीत आमच्या बाजूच्या बऱ्याच गावांत आहे. पण आमच्या शिरवण्यात, हंगामाच्या पहिल्या रापणीला, एक वाटा या रांगेत नसतो. तो बघा, खाली ओल्या वाळूवर, लाटेच्या अगदी तोंडाशी. मघापासून मुली त्याच्याभोवती फेर धरून कावळे हाकलताहेत. तो वाटा गावातले कोणी उचलणार नाही. मांजरसुद्धा उचलत नाही असे म्हणणार होतो, पण मांजराची खात्री मी देत नाही.

तो वाटा एका देवमाशिणीचा आहे.

सांगतो. मात्र आधीच कबूल करतो की यातले किती खरे ते मला ठाऊक नाही. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे गोष्ट सांगताना मधेमधे माझीच जीभ अडखळते. जुन्या माणसांनी सांगितले तसे सांगतो. अडखळलो तर समजून घ्या.

फार पूर्वी एका वर्षी पावसाळा लांबला, म्हणे. होड्या वाळूवर उलट्या पडून राहिल्या. भात शेतातच कुजले. सुकवून ठेवलेली मासळी संपली, मग कुळीथ संपले, मग लोक रानातले कंद उकडून खाऊ लागले. शेवटी एकदाचे आभाळ उघडले, समुद्र निवळला आणि पहिली रापण टाकायचे ठरले. रापण म्हणजे एका घराचे काम नव्हे. होडी किनाऱ्यापासून निघते, अर्धगोल जाळे सोडत खोल पाण्यातून फिरते आणि पुन्हा किनाऱ्याला लागते. मग जाळ्याची दोन टोके दोन रांगा ओढतात. सारा गाव लागतो.

रापणीचा मुख्य होता जिवाजी तांडेल. वाटे मांडण्यात त्याचा हात इतका नेमका की कोणता वाटा मोठा यावरून त्याच्या वेळी कधी भांडण झाले नाही, असे सांगतात. हे मला जरा अवघडच वाटते, पण असो. जाळे होडीत चढवण्याआधी जिवाजीने गावासमोर गाऱ्हाणे घातले.

"बा देवा रवळनाथा, लेकरां उपाशी आसत. आज जो कोण ह्या दोराक हात लावतलो, तेका वाटो गावतलो. मगे तो कोण का असाना!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला.

"लंगडो असाना, आंधळो असाना, वैरी असाना!"

"व्हय म्हाराजा!"

"एकाचो जरी वाटो चुकलो, तर ह्या हातात परत दोर ऱ्हवू नये!"

"व्हय म्हाराजा!"

रवळनाथाने हे ऐकले की नाही कोण जाणे. गावाने ऐकले, आणि शब्द देऊन झाला.

रापण टाकली. दोन्ही रांगा ओढू लागल्या. दोर असा जड लागला की लोकांना वाटले, आज समुद्राने कोठार उघडले. पण जाळे अर्धे आत आले तेव्हा दिसले ते वेगळेच. जाळ्याच्या पोटात मासळी नव्हतीच. एका होडीएवढे देवमाशाचे पिल्लू तेवढे आत घुसळत होते.

एकच जल्लोष उठला. का उठू नये? एवढ्या मांसावर गावाचे किती दिवस निघाले असते. वर तेल मिळाले असते, होड्यांच्या फळ्या माखायला आणि दिव्यांना. पांडगो नावाचा एक गडी होता, जिभेचा तिखट. तो तर दोर सोडून नाचायलाच लागला. "देवान आज जेवान न्हय, भांडारोच धाडल्यान!"

मग जाळ्यापलीकडे पाण्याचा फवारा उडाला. पिल्लाची आई होती ती. पाठ अशी की मधे बेटच उगवले आहे असे वाटावे. ती पळून गेली नाही. जाळ्यावर धडकली नाही, शेपटी आपटली नाही. पिल्लू किनाऱ्याकडे ओढले जाऊ लागले तशी ती नाक जाळ्याला लावून त्याच्यामागोमाग येऊ लागली.

लोकांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, तिला कळते आहे. असे जनावर मारायचे म्हणजे माणूस मारल्यासारखे. पांडगो उसळला. त्याने मोरी, म्हणजे शार्क, आणि कुर्ली, म्हणजे खेकडी, दोघींना वादात ओढले.

"कळता म्हणजे? गेल्या वर्सा मोरी आणलव, तेवा तिच्या आवशीक इचारलव काय? कुर्लेक कळना नाय? रात्रभर पाट्यातसून कशी सुटता ती बघलास? हुशार म्हणान सोडूचा झाला, तर मगे खावचा काय, दगड?"

यावर दोराच्या शेपटाला उभी असलेली आवडूआक्का बोलली. ती जिवाजीची मावशी. डोळ्यांनी दिसत नव्हते, पण रापणीचा दोर तिने कधी चुकवला नव्हता. "मेल्या, हुशारांकच सोडूचा ठरला, तर पयलो तुकाच चुलीर ठेवूक लागात!"

उपाशीपोटी गाव हसला. पण खरे सांगायचे तर पांडग्याचा प्रश्न हसून सुटण्यासारखा नव्हता. मी आयुष्यभर त्यावर वाचत आलो. कोणाचा मेंदू केवढा, कोणाला आरशात स्वतःची ओळख पटते, कोण कोणाला नावाने हाक मारते. वाचून वाचून एवढेच कळले की रेघ कुठे ओढायची ते मला सांगता येत नाही. आवडूआक्काने ती ओढायचा प्रयत्नच केला नाही. तिने निराळेच विचारले.

"जिवा, दोर हलको कित्याक झालो रे?"

झाला होता खरा. मघाशी बोटे सोलवटत होती आणि आता दोर आपण होऊन हातात येत होता.

"पलीकडसून कोणतरी जोर लावता," आक्का म्हणाली. "कोण ता?"

जिवाजीने पाण्याकडे पाहिले. देवमाशीण नाकाने जाळे पुढे ढकलत होती. पिल्लू जिकडे, तिकडे ती. पाणी उथळ होत चालले होते, ओहोटी लागली होती, थोड्याच वेळात तिचे पोट वाळूला टेकले असते. तरी ती ढकलत होती.

"पिल्लाची आवस," जिवाजी म्हणाला. "रापण ढकलता."

"मगे तिणा हात लावल्यान."

"आक्का, तिका हात खंय?"

"माका डोळे नाय तरी वाटो गावता. तिका हात नाय म्हणान चुकवतलंस?"

पांडगो म्हणाला, "घेवा! आता देवमासो रापणीचो वाटेकरी! उद्या पान मांडा तेका!"

पण जिवाजी हसला नाही. त्याने सगळ्या गावासमोर शब्द दिला होता, कोण का असाना. आंधळो असाना, वैरी असाना. तेव्हा त्याच्या मनात देवमाशीण नव्हती, हे उघड आहे. पण तिला वगळायचे असेही तो बोलला नव्हता. आता पिल्लू सोडले तर गाव उपाशी राहतो. मारले तर वाटे मांडावे लागतात, आणि वाटे मांडले की तिचाही मांडावा लागतो.

"आणि माका एक सांग," आक्का पुढे म्हणाली, "तिच्या म्होरे खयचो वाटो ठेवतलंस? तिच्याच पोराचो?"



जिवाजीच्या हातून दोर सुटला. कोणी म्हणतात त्याने सोडला, कोणी म्हणतात सुटला. तो छातीभर पाण्यात शिरला आणि जाळ्याची वरची कड दोन्ही हातांनी खाली दाबू लागला. एकट्याने ती दबेना. तेव्हा त्याच्या शेजारी येऊन कडेवर पहिला ओणवा पडला तो पांडगो. "दाबा रे," तो ओरडला, "उपाशी मरूचा तर नीट तरी मरू!" मग बाकीचेही धावले. कड बुडाली. पिल्लू गडगडत वरून पलीकडे गेले आणि आईच्या पोटाखाली शिरले. तिने एक फवारा असा सोडला की साऱ्या गावाची आंघोळ झाली.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती पुण्याईची ठरली असती आणि उपासाचीही. पण सांगतात की ती दोघे लगेच गेली नाहीत. बंदराच्या तोंडाशी जाऊन देवमाशीण वळली, आणि दर्यावर एक काळी सावली किनाऱ्याकडे सरकू लागली. तारली मासळीचा थवा! पाणी नुसते उकळत होते. जाळे अजून सैल, कड अजून बुडालेली. तारल्या त्या कडेवरून आपण होऊन आत शिरल्या. कोणीतरी किंचाळले, लोकांनी कड उचलली, दोर धरले आणि रापण अशी भरली की ती वाळूवर यायला उन्हे डोक्यावर आली.

देवमासे लहान मासळीच्या मागे लागतात आणि घाबरलेला थवा उथळ पाण्याकडे पळतो, हे पुस्तकांत आहे. मी पाहुण्यांना हे कारण सांगत असे. अलीकडे सांगितल्यावर वाटते, यात तिने मुद्दाम काही केले नाही असे तरी मी कशावरून म्हणतो?

वाटे मांडताना पुन्हा वाद पेटला, पण आता पोट भरणार हे माहीत असलेल्या माणसांचा वाद. पांडगो म्हणाला, "एवढी अगडबंब बाई, आणि तिका आमच्याइतकोच वाटो? अन्याव हा!" आक्का म्हणाली, "तू काडयेएवढो, तुका तरी पुरो दिलो मा?" जिवाजीने शेवटचा वाटा हातांच्या ओंजळीने नेऊन लाटेच्या तोंडाशी ठेवला. सगळा गाव बघत उभा राहिला. भरतीची पहिली लाट आली, वाटा उचलून घेऊन गेली, आणि कोणी न सांगता सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

जेवायला बसल्यावर पांडग्याने हातात तारली धरून विचारले म्हणे, "आक्का, आणि हिणा आमचा काय वायट केल्यान?"

"ता माका म्हायत नाय," आक्का म्हणाली. "म्हणान मी हात जोडून खातंय. तूव जोड."

यापेक्षा बरे उत्तर मला अजून सापडलेले नाही. तुम्हाला सापडले तर जरूर सांगा. मी मासे खातो, आवडीने खातो, आणि घास घेण्याआधी दर वेळी थोडा घोटाळतो. बायको म्हणायची, निवून जाईल, खा आधी.

तर आजही शिरवण्यात देवमासा किंवा गादा, म्हणजे तुमचा डॉल्फिन, जाळ्यात आला तर कड दाबून सोडतात. जाळे फाटले तरी कोणी कुरकुरत नाही. निदान मोठ्याने नाही. आजही पहिल्या रापणीआधी तेच गाऱ्हाणे घालतात, कोण का असाना, आणि शेवटचा वाटा पाण्याकाठी ठेवतात. आजही पहिली तारली हात जोडून खातात, आणि कोणाचा तरी पांडगो झालेला असतोच, तो तोच प्रश्न विचारतो.

बघा, भरती लागली. मुली बाजूला झाल्या. आली, आली... गेला वाटा! ओरडा, तुम्हीही ओरडा, लाजू नका. व्हय म्हाराजा!

आणि निघालात कुठे? मघाशी तुम्ही दोघांनी दोर धरलात तो फोटोसाठी, हे मीही पाहिले आणि वाटे मांडणाऱ्यानेही. पण धरलात. ते रांगेतले शेवटचे दोन वाटे तुमचे आहेत. उचला. न्यायला काही नसेल तर माझी पिशवी देतो.