ठमा कासारणीचं हसू

पांघरुणं ओढा बघू. नंदे, पाय आत. हं, तर एकदा काय झालं, ठमा कासारणीचं हसू पायांत वहाणा घालून घर सोडून गेलं!

का गेलं, सांगते. ठमा राजवाड्याची कासारीण. बांगड्या भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भरायची कशी, ठाऊक आहे? आधी बाईचा हात हातात घ्यायचा. मग विचारायचं, "काय गं, माहेरचं कसं काय? गाय व्याली का?" बाई बोलायला लागली की हात आपोआप सैल. मग सुळकन बांगडी आत! शेवटी एक वरची बांगडी, फुकट, आशीर्वादाची. मग बाई वाकून नमस्कार करायची नि ठमा हसायची.

पण कामाच्या माणसाच्याच माथी काम, बरं का. राणीच्या मैत्रिणी आल्या. मग मैत्रिणींच्या जावा आल्या. मग जावांच्या विहिणी! ठमाला घास गिळायची सवड नाही. मग ती बोलेनाशीच झाली. तेल लावायचं, दाबायचं, चला, पुढचा हात. वरची बांगडीही बंद. त्याच दिवशी हसू उठलं नि चालायला लागलं.

हसू गेलं तशा बांगड्या हातात तडकू लागल्या. फुटल्या म्हणू नये गं, अशुभ असतं! वाढल्या म्हणावं. राजा कडाडला, "पौर्णिमेला आमच्या केतकीचा लग्नचुडा. एक जरी बांगडी वाढली, तर तुझी टोपली जप्त!"

टोपली ठमाच्या आईची, तिच्या आईची. ती गेली म्हणजे सगळंच गेलं की. मग ठमा रडत बसली का? छट्! पदर खोचला नि हसू शोधायला निघाली.

आधी गेली खजिनदाराकडे. त्यानं सोन्याचं कडं दिलं. कडं चमकलं, हसू काही आलं नाही. मग गेली वैद्यबुवांकडे. ते म्हणाले, झोप काढ. ठमा झोप झोप झोपली. अंग हलकं झालं, हसू काही आलं नाही. मग गेली तळ्याकाठी. तर तिथं हसू बसलंय, पाण्यात पाय सोडून, मजेत!

"चल घरी," ठमा म्हणाली.

"नाही येत, जा. तुझ्याकडे आता नुसते हात येतात. माणसं कुठं येतात? मग मी राहू कुणासाठी?"

ठमा ओशाळली. खरंच होतं ते. पण ती काही विनवण्या करत बसणारी नव्हे. म्हणाली, "बरं. तुला वाटेल तेव्हा ये. मी चालले कामाला."

मग चुड्याचा दिवस आला. मांडव गच्च. राजकन्येची मूठ घट्ट आवळलेली. राणी म्हणाली, "भर भराभर, मुहूर्त टळतोय!"

ठमानं टोपली खाली ठेवली. "राणीसाहेब, पोरीशी बोलल्याशिवाय मी बांगडी उचलायची नाही. मला घालवायचं तर आत्ताच घालवा."

अगं बाई! राजा मिशी चावतोय.

ठमानं ती मूठ आपल्या हातात घेतली. "काय गं बाळे, भीती वाटते?"

केतकीचे डोळे भरले. "तिकडं माझं कुणीच नाही, ठमामावशी. माझं मांजरसुद्धा इथंच राहणार."

"इथं कशाला? रुखवतात मांडू की! लाडवांच्या शेजारी."

केतकी फिस्सकन हसली नि मूठ सुटली. मग एक बांगडी गेली, दुसरी गेली, बघता बघता हिरवागार चुडा भरला. एकही वाढली नाही! अख्खा मांडव हसत होता, आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण, सांगा? ठमाच! हसू कधी आलं, वहाणा काढून कधी बसलं, तिला कळलंच नाही. मग तिनं वरची बांगडी भरली, आशीर्वादाची.

राजा म्हणाला, "माग काय हवं ते."

"दिवस मावळला की माझी टोपली झाकली. उरलेले हात उद्या," ठमा म्हणाली.

राजानं मान डोलावली. न डोलावून सांगतो कुणाला?

केतकी सासरी सुखात राहिली, मांजर तर साय खाऊन गब्दुल झालं. आणि ठमा? दमायची हो, रोज दमायची. पण हसत दमायची.

चला, माझीही टोपली झाकली. मिटा डोळे.