मिटलेली फांदी

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात राजा होता, दुष्काळ होता आणि संगणकही होता. तो कुठून आला ते मला विचारू नका, गोष्ट ऐका.

राज्याच्या कोठारात सुगंधा नावाची प्रोग्रामर होती. धान्याच्या गाड्या कुठं पाठवायच्या ते दाखवणारा पडदा तिनं बनवला होता. पडद्यावर एक झाड होतं. एकेक परगणा म्हणजे एकेक फांदी, आणि फांदीखाली त्या परगण्याची गावं. फांदीशेजारच्या बाणावर टिचकी मारली की गावं उघडायची, पुन्हा मारली की मिटायची. झाडावर जे गाव असेल, त्यालाच गाडी जायची.

पण प्रधानजींना हा पसारा बघवेना. "केवढी ही लांबण! साधी चार ओळींची यादी कर," ते रोज म्हणायचे.

"अहो, मग कुठलं गाव कुठल्या परगण्यातलं ते कळायचं कसं? नको तेव्हा फांदी मिटवा की!" सांगून सांगून सुगंधाचा जीव मेटाकुटीला आला होता.

एकदा प्रधानजींनी खरंच सगळ्या फांद्या मिटवल्या. मग त्यांचं लक्ष 'डोंगरापलीकडे' या फांदीवर गेलं. "ही बघ, रिकामी! उगाच जागा अडवून बसलीय."

"रिकामी कुठली? मिटलीय ती! बाण दाबून बघा तरी."

"मला शिकवू नकोस." त्यांनी फांदी काढायला घेतली. पडद्यानं विचारलं, 'आतल्या सगळ्या गावांसकट काढायची?' प्रधानजींनी न वाचताच 'हो' दाबलं.

सुगंधानं कपाळावर हात मारला. "माझ्याकडे जुनी प्रत आहे, परत आणू द्या."

"खबरदार, हात लावशील तर!"

गाड्या निघाल्या. डोंगरापलीकडे एकही गेली नाही.

काही दिवसांनी एक म्हातारी धुळीनं माखून, धापा टाकत कोठारात आली. ती प्रधानजींची आई होती. "आमच्या गावची गाडी कुठाय रे? चुली थंड पडल्यात तिकडं."

प्रधानजींनी घाईघाईनं एकेक फांदी उघडून बघितली. घाम पुसत ते म्हणाले, "आई, यात तुझं गावच नाही."

"मेल्या, मग मी आले कुठून?"

प्रधानजींना तोंड वर करवेना. "सुगंधाताई, आणा ती प्रत," ते कसेबसे म्हणाले. तिनं आणली. गाड्या लगेच सुटल्या, पण म्हातारीची शेजारीण ती गाडी बघायला उरली नव्हती.

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, मिटलेलं ते रिकामं समजू नये; पुसण्याआधी एकदा उघडून बघावं.