महाराजांच्या कानातली क्रमवारी

"पहिला कोण?" रायाजीराव महाराजांनी पुन्हा विचारलं, आणि सगळा दरबार खालच्या जाजमाकडे बघू लागला.

तांबडगडच्या या महाराजांना फुटबॉलचं भलतं वेड. कुणा गोऱ्या साहेबानं कातडी चेंडू भेट दिला, तेव्हापासून राज्यकारभार दुपारीच आटपायचा. त्यांनी गावातल्या पोरांचे चार संघ केले आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवलं. आता पुढची फेरी होती, आणि तिचा नियमही महाराजांचाच. पहिल्यानं चौथ्याशी खेळायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याशी, आणि जिंकतील त्यांचा अंतिम सामना.

चौथा कोण यावर वाद नव्हता. तेलीआळीची पोरं इवलीशी, सगळ्यांकडून हरलेली. म्हणून तर पहिला नंबर जो तो मागत होता. तेलीआळीशी गाठ पडली की अंतिम सामना घरबसल्या मिळाला! पण वरचे तिघं असे अडकले होते की काही विचारू नका. कुंभारवाड्यानं राजवाड्याला हरवलं, राजवाड्यानं भोईवाड्याला, आणि भोईवाड्यानं कुंभारवाड्याला.

"गोल मोजावेत," दिवाणजी म्हणाले. "युवराजांनी तेलीआळीवर बावीस गोल चढवलेत."

"चढवलेत की," भोईवाड्याचा कप्तान दगडू पुटपुटला. "युवराज चेंडू घेऊन आले की तेलीआळीचा बारक्या मुजरा करायचा. गोलकीपर कमरेत वाकला की गोल काय, बैलगाडीसुद्धा आत जाईल."

मंडळींनी उपरण्यात तोंडं लपवली. राजवाड्याचे कप्तान म्हणजे खुद्द युवराज मालोजी. त्यांचे कान लाल झाले.

महाराज हट्टाला पेटले. त्यांनी बाळोजीला पुढं बोलावलं. बाळोजी सामन्याचा पंच. मैदान झाडायचं, शिट्टी फुंकायची आणि मैदानाकडेच्या खोलीत लेकीबरोबर राहायचं, एवढाच त्याचा संसार.

"बाळोजी, उद्या सकाळी क्रम लाव. तिन्ही कप्तानांनी तो मुकाट मान्य केला पाहिजे. एकानं जरी कुरकुर केली तर शिट्टी इथं ठेवायची आणि खोली रिकामी करायची."

बाळोजी घरी आला आणि भाकरीकडे नुसता बघत बसला. लेकीनं, सगुणानं, खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं तो बोलला.

"युवराजांना पहिलं लावलं तर ते दोघं बोंब मारतील. तिसरं लावलं तर महाराजच मला उभा चिरतील. गेली बघ खोली."

"पण बाबा, पहिला कोण, असं विचारताच कशाला? तसं विचारलं की जो तो आपलंच घोडं पुढं दामटणार."

"मग काय विचारू?"

"उद्या मी येते. तुम्ही आधी जेवा बघू."

सकाळी दरबारात बापाबरोबर पोरगी बघून दिवाणजींनी भुवया चढवल्या. सगुणानं तिकडे लक्षच दिलं नाही.

"महाराज, क्रम लावते, पण तुमचा कान लागेल."

"माझा कान?"

"जी. तिन्ही कप्तानांनी एकेकानं यावं आणि तुमच्या कानात एवढंच सांगावं, की उरलेल्या दोघांपैकी पहिल्याच सामन्यात कोण नको. ज्याला जे नको ते टळेल, हा माझा शब्द."

महाराजांना गंमत वाटली. त्यांनी कान पुढं केला.

युवराज आले. "आबासाहेब, कुणीही चालेल, कुंभारवाडा नको. त्या मसूनं मारलेल्या चेंडूनं अजून बरगडी दुखतेय."

मसू म्हणजे कुंभारवाड्याचा कप्तान. तो आला आणि कुजबुजला, "भोईवाडा नको, महाराज. लई पळवत्यात."

शेवटी दगडू आला. "कुंभारवाडा टाळा, महाराज. आम्ही जिंकलो खरं, पण त्या दिवशी मसूला ताप होता. तापात त्यानं तीन गोल मारले. बरा असता तर काय केलं असतं?"

महाराज मिशीतल्या मिशीत हसत सरळ झाले.

"आता सांगा महाराज, दोघांनी कुणाला नको म्हटलं?"

"कुंभारवाड्याला."

"तो पहिला. दोघं ज्याला भितात तोच मोठा. आणि एकानं?"

"भोईवाड्याला."

"तो दुसरा. आणि ज्याला कुणीच नको म्हटलं नाही तो?"

महाराजांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बाळोजीनं शिट्टी गळ्यातून काढायला सुद्धा घेतली.

"राजवाडा," महाराज कसेबसे म्हणाले.

"हे आम्हाला मान्य नाही!" युवराज उसळले.

सगुणा त्यांच्याकडे वळली. "युवराज, आता पहिला कुंभारवाडा खेळणार चौथ्या तेलीआळीशी, आणि दुसरा भोईवाडा खेळणार तिसऱ्या राजवाड्याशी. तुम्ही महाराजांच्या कानात मागितलंत ते मिळालं नसेल, तर खुशाल कुरकुर करा. फक्त काय मागितलं होतं, ते मोठ्यानं सांगा."

युवराजांचा हात बरगडीकडे गेला. त्यांनी मसूकडे एकदा पाहिलं आणि खाली बसले. दगडूनं मान डोलावली. त्याचाही कुंभारवाडा टळला होता. मसूचा भोईवाडा टळला होता. कुरकुर करायची तर कशाबद्दल?

महाराज एवढे हसले, की पगडी सावरायला हुजऱ्याला धावावं लागलं. "अगं, माझ्याच पोराला माझ्याच तोंडून तिसरा लावलास की! बाळोजी, शिट्टी राहू दे गळ्यात. खोली आता तुझीच, पिढ्यान्‌पिढ्या. आणि सगुणे, तुला काय हवं?"

"मैदानावर मुजरा माफ करा, महाराज."

"केला माफ!"

बाहेर आल्यावर बाळोजीनं हळूच विचारलं, "पोरी, तिघांची नावं एकेकदाच आली असती तर?"

"तर आत्ता आपण भांडी बांधत असतो. चला."

संध्याकाळी महाराज मैदानावर आले. सवयीनं सगळं गाव वाकलं. तेलीआळीच्या गोलासमोर मात्र एक बारकं पोर ताठ उभं होतं आणि महाराजांकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

"हा कोण?" महाराजांनी विचारलं.

"बारक्या, महाराज," सगुणा म्हणाली. "तो आता चेंडू बघतोय."

महाराज पुन्हा खो खो हसले, आणि बाळोजीनं शिट्टी फुंकली.