मानाचा हात

एकदा एका कारखान्यात चार यंत्रमानव एकमेकांना वाट देत उभे राहिले, ते दुपारपर्यंत हललेच नाहीत. यंत्रमानव कसले, लांबलचक लोखंडी हातच ते. त्यांना कामाला लावणारी तरुण अभियंता बिचारी कपाळाला हात लावून बसली.

चूक तिचीच होती, पण मायेपोटी झालेली. आठवड्यापूर्वी एकाच सांगाड्यावर वेल्डिंग करताना दोन हात एकमेकांवर आदळले आणि तुटलेला तुकडा सोपानमामांच्या कानाजवळून गेला. मामा म्हणजे यंत्रांभोवतीच्या संरक्षक जाळीच्या आत जाऊन यंत्रांची टोके साफ करणारे वयस्क कामगार. तिने धसकाच घेतला. चौघांनाही एकच नियम शिकवला: दुसरा जवळ दिसला, की थांबायचे. आता सगळेच थांबत होते. मालक वैतागून म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत काम सुरू झालं नाही, तर तो नियमच काढून टाका." आणि मामा? ते तर रोज आत जाणार.

ती आपल्या वृद्ध गुरूंकडे गेली. त्यांनी अंगणातच सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "चल, आत बसू."

ती अदबीने बाजूला झाली. "आधी तुम्ही, सर."

"छे, पाहुणी तू. आधी तू."

"तुम्ही वडीलधारे."

"असेन. पण आधी तू."

म्हातारा हटेना, पोरीचा पाय उचलेना. दोघे उंबरठ्याबाहेर ताटकळले. सर वयोमानाने हट्टी झालेत, असे वाटून तिला वाईटही वाटले. शेवटी आतून काकू कडाडल्या, "अहो, चहाचं पाणी झालं! पोरी, तू ये आधी. तुम्ही चपला काढून मागून या." दोघे तसेच आत आले.

गुरू हसले. "तुझे चारही हात सज्जन आहेत गं. थांबायला तू शिकवलंस, निघायचं कोणी ते ठरवलंच नाहीस. आमच्या गावी पोळ्याला शंभर जोड्या एका अरुंद वेशीतून जायच्या. पहिली मानाची. ती सगळ्यांत दांडगी असायची असं नाही, पण तिच्यामागे कोण, त्याच्यामागे कोण, हे आधीच ठरलेलं. म्हणून शिंगाला शिंग लागत नसे. जागा एक असेल, तर तेवढ्यापुरता मान एकाचा. त्याचं काम सरलं, की पुढच्याचा. बाकीच्यांना उगाच उभं ठेवू नकोस, तोवर दुसऱ्या कडेचं काम दे."

"आणि मध्येच माणूस आत आला तर?"

चहाची कपबशी खाली ठेवत ते म्हणाले, "मग चौघांचाही मान संपला."

दुसऱ्या दिवशी तिने थांबण्याचा नियम तसाच ठेवला आणि त्याला क्रम जोडून दिला. सांगाड्याच्या मधल्या भागात आधी सर्वांत संथ हात गेला, कारण त्याच्या जोडाशिवाय इतरांचे पुढचे काम अडत होते. चपळ हात तोवर कडा जोडत राहिले. दुपारपर्यंत काम सुरळीत झाले. मालक येऊन बघत उभे राहिले.

इतक्यात सोपानमामांनी जाळीचे दार उघडले. चारही हात जागच्या जागी थांबले. मामा ओशाळून मागे सरले. "चालू दे बाई तुझं. मी थांबतो की."

दार धरून ती म्हणाली, "नाही मामा. आधी तुम्ही."